नायजेरियाचा तेलाचा पैसा आणि लोकशाही संस्था : नाते कसे तपासावे

‘लोकशाहीमुळे नायजेरियाची भरभराट झाली का?’ असा सरळ प्रश्न घेऊन जो अभ्यासाला बसतो, त्याच्या हाती थोड्याच दिवसांत दोन परस्परविरोधी उत्तरे येतात आणि दोन्हींना आकड्यांचा आधार असतो. २९ मे १९९९ रोजी लष्कराने सत्ता निवडून आलेल्या सरकारकडे सोपवली आणि त्यानंतरची सुमारे दीड दशके अर्थव्यवस्था वेगाने वाढली. परंतु त्याच राज्यघटनेखाली, ठरल्या वेळी निवडणुका होत असताना, २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये ती आकसली. म्हणून आधी प्रश्नच बदलून घ्यावा. ज्या वर्षी तेलाचे भाव चढलेले होते आणि तिजोरीत डॉलर येत होते, त्या वर्षी खर्चाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कायद्याने कोणाकडे होता, तो त्याने वापरला का, आणि वापरला असल्यास त्यानंतर तो पदावर टिकला का, एवढे शोधावे. भाव कोसळल्यावर काटकसर कोणीही करतो, कारण दुसरा मार्गच उरत नाही. संस्थेची पारख हात सढळ असतानाच होते. पुढील सर्व पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

आकड्यांची आधी झडती घ्यावी

वाढीचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाच्या सांख्यिकी कार्यालयाने सकल देशांतर्गत उत्पादनाचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती हिशेबासाठी प्रमाण मानतात ते) १९९० वरून २०१० वर आणले आणि २०१३ चे उत्पादन ४२.४ लाख कोटी नायरांवरून (नायरा हे तेथील चलन) एकदम ८०.२ लाख कोटी नायरांवर, म्हणजे सुमारे ८९ टक्क्यांनी वर गेले. त्या दिवशी देशात एकही नवा कारखाना उभा राहिला नव्हता. दूरसंचार, चित्रपटनिर्मिती यांसारखे जे उद्योग जुन्या हिशेबात जवळजवळ दिसतच नव्हते, ते आता मोजले गेले, इतकेच. याच फेरमोजणीत तेल आणि वायूचा उत्पादनातील वाटा सुमारे ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. २०२५ मध्ये आधारवर्ष पुन्हा बदलून २०१९ करण्यात आले. त्यामुळे दोन निरनिराळ्या मालिका एकाच आलेखात जोडून ‘लोकशाहीच्या काळातील झेप’ दाखवणारा लेख समोर आला, तर तो वाचण्यात वेळ घालवू नये.

फेरमोजणीमुळे आणखी एक गैरसमज होऊ शकतो. उत्पादनातील तेलाचा वाटा लहान झाला म्हणून तेलाचे महत्त्व कमी झाले असे समजू नये, कारण निर्यातीतून येणाऱ्या परकी चलनाचा बहुतांश भाग तेल-वायूतूनच येत राहिला आणि सरकारी महसुलाचा कणाही दीर्घकाळ तोच होता. त्यामुळे राजकारणाची ओढ तेलाकडेच राहिली. म्हणून उत्पादन, निर्यात आणि महसूल या तिन्हींतील तेलाचे वाटे वेगवेगळे नोंदवावेत.

दुसरी दुरुस्ती दरडोई हिशेबाची आहे. लोकसंख्या दरवर्षी साधारण अडीच टक्क्यांनी वाढत असलेल्या देशात दोन टक्क्यांची वाढ म्हणजे माणशी घटच होय. २०१५ नंतरची काही वर्षे या नजरेने पाहिली की चित्र बरेच काळवंडते.

तिसरी आणि सर्वांत अवघड दुरुस्ती तेलाच्या भावाची. भावाचा परिणाम आणि संस्थांचा परिणाम हे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की नुसत्या नायजेरियाकडे पाहून ते वेगळे करता येत नाहीत, आणि यासाठी शेजारी एखादा तेलसंपन्न पण राजकीयदृष्ट्या निराळा देश ठेवावा. अंगोला या कामी उपयोगी पडतो. तेथे १९७५ पासून एकच पक्ष सत्तेत आहे आणि जुझे एदुआर्दो दुस सांतुस हे १९७९ पासून २०१७ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होते. तरीही २००२ मध्ये यादवी संपल्यानंतर भाव चढते असताना अंगोलाही वेगाने वाढला, आणि भाव पडल्यावर २०१६ ते २०२० अशी सलग पाच वर्षे आकसला. म्हणजे तेजीतील वाढीचे श्रेय नायजेरियाच्या लोकशाहीला देण्याआधी त्यातून भावाचा वाटा वजा करावा लागतो, आणि तो वाटा मोठा निघतो. मात्र २०१६ नंतर नायजेरियाचे उत्पादन पुन्हा, जरी रेंगाळत, वाढू लागले आणि अंगोलाचे २०२० पर्यंत लागले नाही. हा फरक कशातून आला, हे शोधायला तेलाबाहेरच्या क्षेत्रांकडे जावे लागते. तो मुद्दा पुढे येईल.

पैसा कोणत्या वाटेने जातो ते कागदावर काढावे

राज्यघटनेचे १६२ वे कलम आधी वाचून काढावे. संघराज्याने गोळा केलेला महसूल, काही ठरावीक अपवाद वगळता, ‘फेडरेशन अकाउंट’ नावाच्या सामाईक खात्यात जमा झाला पाहिजे असे ते सांगते. त्यातून आधी तेल निघणाऱ्या राज्यांसाठी किमान १३ टक्के काढले जातात, उरलेल्यापैकी ५२.६८ टक्के केंद्राला, २६.७२ टक्के ३६ राज्यांना आणि २०.६० टक्के स्थानिक शासनांना मिळतात. वाटप दर महिन्याला एका समितीच्या बैठकीत होते.

आता या वाटेवर दोन ठिकाणी खूण करावी. पहिली खूण खात्याच्या आधी. राष्ट्रीय तेल कंपनी, जी १९७७ मध्ये स्थापन झाली, आपला खर्च आणि इंधन-अनुदानाची, म्हणजे देशात पेट्रोल स्वस्त ठेवण्यासाठी सोसायची, रक्कम आधी वळती करून घेई आणि मग उरलेले खात्यात भरी. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे तेल पिंपामागे १०० डॉलरच्या वर गेले असताना या कंपनीने कितीतरी महिने सामाईक खात्यात काहीच भरले नाही, कारण अनुदानाने सगळे गिळले होते. त्यातच चोरी आणि दुरवस्था यांमुळे उत्पादन त्या वर्षाच्या सप्टेंबरात दिवसाला दहा लाख पिंपांच्याही खाली गेले. तेजी आली आणि तिजोरीला ती कळलीसुद्धा नाही.

दुसरी खूण खात्याच्या नंतर, म्हणजे पैसा राज्याच्या राजधानीत पोहोचल्यावर. राज्यांच्या विधानसभा बहुधा आपल्या गव्हर्नरच्या, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाच्या, मुठीत असतात आणि ‘सुरक्षा निधी’ या नावाखाली होणाऱ्या खर्चाचे लेखापरीक्षणही होत नाही. देशाची राजधानी अबुजा येथील घडामोडींवरच लक्ष ठेवणारा अभ्यासक महसुलाच्या जवळजवळ अर्ध्या भागाचा माग इथेच गमावतो. जानेवारी २००४ पासून अर्थमंत्री न्गोझी ओकोंजो-इवेआला यांनी प्रत्येक राज्याला मिळणारी मासिक रक्कम वर्तमानपत्रांत छापण्याची प्रथा सुरू केली, हे या दृष्टीने मोठेच पाऊल होते. आपल्या स्थानिक शासनाला किती पैसे आले हे लोकांना पहिल्यांदा नेमके कळू लागले. ते कुठे गेले, हे मात्र त्या यादीत नसते.

बचतीच्या खात्याची कथा सावकाश वाचावी

सगळ्या प्रकरणांत एकच निवडायचे असेल तर हे निवडावे. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या सरकारने अर्थसंकल्पासाठी तेलाचा एक भाव गृहीत धरून त्यावरची मिळकत ‘एक्सेस क्रूड अकाउंट’ या खात्यात बाजूला ठेवायला सुरुवात केली. २००८ च्या अखेरीस त्यात सुमारे २० अब्ज डॉलर साठले होते. त्या वर्षी भाव जुलैत १४७ डॉलरपर्यंत जाऊन डिसेंबरात चाळिशीच्या खाली आला, तरी २००९ मध्ये नायजेरियाची अर्थव्यवस्था आकसली नाही, आणि त्यात या शिलकीचा हातभार होता. शिलकीचे काम तेच असते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार पुढची आहे. २०११ ते २०१४ च्या मध्यापर्यंत तेल १०० डॉलरच्या आसपास किंवा त्यावर राहिले, आणि तरीही खाते पुन्हा भरले नाही. २०१४ च्या उत्तरार्धात भाव कोसळला तेव्हा त्यात फार तर काही अब्ज डॉलर होते, आणि २०२२ मध्ये शिल्लक पाच लाख डॉलरच्याही खाली आली, जी एखाद्या मध्यम व्यापाऱ्याच्या खात्यातही असू शकते.

असे का झाले, याचे सोपे उत्तर ‘भ्रष्टाचार’ असे दिले जाते आणि ते अपुरे आहे. राज्यांच्या गव्हर्नरांचे म्हणणे असे होते की १६२ व्या कलमानुसार आलेला पैसा वाटलाच पाहिजे, तो परस्पर बाजूला ठेवण्याचा अधिकार केंद्राला नाही. आणि घटनेचा मजकूर समोर ठेवला तर त्यांचे म्हणणे निराधार मुळीच नव्हते. बचतीचे खाते प्रशासकीय सोयीतून उभे राहिले होते, घटनेतून नव्हे. गव्हर्नर लोकांनी निवडलेले होते, ते न्यायालयात गेले होते, संघराज्याचा करार पाळा असे म्हणत होते: यांतले प्रत्येक पाऊल लोकशाहीचेच होते, आणि त्याचा परिणाम म्हणजे तेजीचा पैसा तेजीतच खर्च झाला. निवडणूक जवळ आली की राष्ट्राध्यक्षालाही याच गव्हर्नरांची गरज असते, हेही विसरू नये. २०११ च्या कायद्याने सार्वभौम गुंतवणूक निधी उभा राहिला, त्यात स्थैर्य, भावी पिढ्या आणि पायाभूत सुविधा असे तीन कप्पे केले गेले आणि सुरुवात एक अब्ज डॉलरने झाली. परंतु त्यालाही गव्हर्नरांनी न्यायालयात आव्हान दिले. जवळपास वीस कोटी लोकसंख्येच्या देशासाठी एक अब्ज डॉलर ही रक्कम किती तुटपुंजी, ते सांगायला नको.

या प्रकरणातून अभ्यासाची एक पद्धत हाती लागते. ‘लोकशाही संस्था’ हा एकच चल मानून त्याला गुण देऊ नयेत. संसद, न्यायालय, राज्ये, मध्यवर्ती बँक, निवडणूक आयोग या प्रत्येक संस्थेसाठी वेगळी टिपणवही ठेवावी, कारण त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढू शकतात.

‘नाही’ म्हणणाऱ्याचे पुढे काय झाले ते पाहावे

मध्यवर्ती बँकेच्या टिपणवहीत दोन नोंदी ठळक अक्षरांत कराव्यात. सप्टेंबर २०१३ मध्ये बँकेचे गव्हर्नर सनुसी लमिडो सनुसी यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून तेल कंपनीकडून येणे असलेले अब्जावधी डॉलर जमा झालेले नाहीत असे कळवले; नेमका आकडा पुढे वादात सापडला आणि बराच बदलत गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना ‘निलंबित’ करण्यात आले. येथे शब्दाकडे लक्ष द्यावे. २००७ च्या कायद्यानुसार गव्हर्नरला पदावरून काढण्यासाठी सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. निलंबनाबद्दल कायदा तसे काही सांगत नव्हता, आणि त्यांची मुदत तशीही काही महिन्यांत संपणार होती. कायद्याचे अक्षर शाबूत राहिले आणि त्याचा हेतू वाऱ्यावर गेला. जून २०२३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष आल्यावर नंतरच्या गव्हर्नरनाही असेच निलंबित केले गेले. त्यांच्यावरचे आक्षेप अगदी वेगळे होते, तरी पळवाट तीच होती.

दुसरी नोंद सरकारने बँकेकडून घेतलेल्या उचलीची. कायद्याने ही उचल मागील वर्षीच्या महसुलाच्या पाच टक्क्यांपर्यंतच घेता येत होती. प्रत्यक्षात ती वर्षानुवर्षे फुगत गेली, आणि मे २०२३ मध्ये संसदेने २२.७ लाख कोटी नायरांची ही थकबाकी दीर्घ मुदतीच्या कर्जरोख्यांत बदलायला मंजुरी दिली, म्हणजे मर्यादा मोडल्याबद्दल जाब विचारण्याऐवजी मोडलेली मर्यादा नियमित करून दिली. महागाई आणि नायराची घसरण यांचा अभ्यास करताना ही नोंद वगळली, तर सगळा दोष जून २०२३ मधील विनिमय दराच्या सुधारणांवर येतो.

संसदेची वही मात्र एकरंगी नाही. १६ मे २००६ रोजी सिनेटने ओबासांजो यांना तिसऱ्यांदा निवडणूक लढवण्याची वाट मोकळी करून देणारी घटनादुरुस्ती फेटाळली, आणि तीही तेलाचे भाव चढते असताना, ज्या काळात सत्ताधाऱ्याला मने वळवणे सर्वांत सोपे असते. २०१२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने इंधन-अनुदानाची चौकशी केली तेव्हा २०११ साठी २४५ अब्ज नायरांची तरतूद असताना खर्च सुमारे २.५८ लाख कोटी नायरांवर गेल्याचे उघड झाले. पुढे त्या समितीच्या अध्यक्षालाच चौकशीशी संबंधित लाच घेतल्याबद्दल २०२१ मध्ये शिक्षा झाली. ही घटना सांगून लोक संसदेची टर उडवतात. मला त्यात दुसरी बाजूही दिसते, कारण शिक्षा झाली ती न्यायालयात आणि चौकशीचा आकडाही खोटा ठरला नाही. याउलट पेट्रोलियम उद्योगाचे विधेयक २००८ मध्ये संसदेत आले आणि कायदा झाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये. कर किती आणि नियामक कोण हेच ठाऊक नसताना गुंतवणूकदार नवीन खोदाईवर पैसा लावत नाही, आणि या तेरा वर्षांत २०११ ते २०१४ ची सगळी तेजी निघून गेली.

निवडणुकांना त्यांच्या मापाइतकेच वजन द्यावे

१९९३ ची निवडणूक लष्कराने रद्द केली होती. २०१५ मध्ये निवडणूक आयोगाचे प्रमुख अताहिरू जेगा यांच्या देखरेखीखाली पहिल्यांदाच सत्तेतील राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून हरले, आणि गुडलक जोनाथन यांनी मुहम्मदु बुहारी यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला. राजकीयदृष्ट्या हा मैलाचा दगड होता; आर्थिकदृष्ट्या पुढच्याच वर्षी मंदी आली, कारण भाव पडलेला होता, शिल्लक संपलेली होती आणि नवे सरकार नायराचा दर धरून बसले होते. मतदानाचे प्रमाण २००३ मधील सुमारे ६९ टक्क्यांवरून २०२३ मध्ये सुमारे २७ टक्क्यांवर आले आहे, हेही शेजारी लिहून ठेवावे.

तेलाबाहेर काय उगवले ते शोधावे

संस्थांचा गुण सर्वांत स्पष्ट दिसतो तो तेलाच्या पैशापासून दूर. जानेवारी २००१ मध्ये दूरसंचार आयोगाने मोबाइल परवान्यांचा लिलाव उघडपणे केला आणि प्रत्येक परवाना २८.५ कोटी डॉलरना गेला. त्यापूर्वी दहा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात सरकारी कंपनीच्या चालू दूरध्वनी जोडण्या जेमतेम काही लाख होत्या. नियामकाने नियम मध्येच बदलले नाहीत, कंपन्यांनी मनोरे उभारले, आणि २०१४ च्या फेरमोजणीत दूरसंचाराचा उत्पादनातील वाटा एका टक्क्याच्या आतून साडेआठ टक्क्यांच्या पुढे गेलेला दिसला.

लागोस राज्याचा दाखला याहून बोलका आहे. २००४ मध्ये राज्याने नवी स्थानिक शासने निर्माण केल्यावरून केंद्राने लागोसच्या स्थानिक शासनांचा वाटा रोखून धरला. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांना असा अधिकार नाही असे त्याच डिसेंबरात सांगितले, तरी पैसे २००७ मध्ये सरकार बदलेपर्यंत सुटले नाहीत. त्या काळात राज्याने आपली करवसुली नेटकी करण्यावर भर दिला, आणि आज लागोसचे स्वतःचे उत्पन्न केंद्राकडून येणाऱ्या वाट्यापेक्षा जास्त असते. नागरिकाच्या खिशातून कर घेणाऱ्या सरकारला रस्त्याचा जाब विचारला जातो. महिन्याच्या महिन्याला वरून हप्ता येणाऱ्या सरकारला तो फारसा विचारला जात नाही. लागोसला समुद्रबंदर, दाट वस्ती आणि जुन्या राजधानीचा वारसा लाभलेला आहे, म्हणून त्याची तुलना बायेल्सासारख्या तेलाच्या राज्याशी थेट करू नये. त्याच राज्याचे २००४ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे समोरासमोर ठेवावेत.

चालू नोंदी कशा ठेवाव्यात

सध्या दोन गोष्टींवर नजर ठेवणे फलदायी ठरेल. २०२१ च्या कायद्यानंतर तेल कंपनी मर्यादित कंपनी झाली आहे, आणि मे २०२३ मध्ये अनुदान बंद झाल्याची घोषणा झाल्यानंतर ती सामाईक खात्यात किती आणि किती नियमितपणे भरते, हे पाहावे. तसेच ११ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक शासनांचा वाटा राज्यांच्या हातून न जाता थेट त्यांना मिळावा असा निकाल दिला. निकालाची अंमलबजावणी कोणते राज्य टाळते, यावरून तेथील गव्हर्नरला अडवणारे कोणी आहे का हे समजते. माहितीसाठी २०११ चा माहिती अधिकार कायदा, खाणउद्योग पारदर्शकता संस्थेचे अहवाल आणि मासिक वाटपाची पत्रके यांचा आधार घ्यावा. महालेखापरीक्षकांचे अहवाल उशिरा येतात, म्हणून जुने वर्षही उघडून पाहावे लागते.

यासाठी चार स्तंभांचा साधा तक्ता पुरेसा आहे: महिना, तेलाचा भाव, वाटलेली रक्कम आणि बचतीच्या खात्यांतील शिल्लक. चौथ्या स्तंभासाठी पुष्कळदा काहीच सापडणार नाही. अशा वेळी तेथे शून्य लिहू नये, जागा मोकळी ठेवून शेजारी ‘जाहीर नाही’ असे तारखेसह लिहावे, कारण भाव पुढच्या वेळी चढेल तेव्हा मोकळ्या राहिलेल्या जागा वाढतात की घटतात, हेही मोजता आले पाहिजे.